फकस्त पीस

चैत्र लागला आणि जत्रांचे टेम्पो पुन्हा आमच्या गल्लीतून जायला लागले. मागे बांबू, ताडपत्री, गुंडाळलेले गालिचे, त्यांवर उताणी पडलेली दोन-चार माणसं आणि कडेला दोरीने आवळलेले काळे स्पीकर. मी गॅलरीत कुरडया वाळत घालत असते. टेम्पो वळणावर हळू झाला की माझी नजर आपोआप मागच्या सामानात शिरते आणि तिथे एखादी लांबट लाकडी पेटी दिसते का ते शोधते. आता गिटार कुणी तसल्या पेटीतून नेत नाही, पाठीला अडकवायच्या मऊ पिशव्या आल्यात, हे मला ठाऊक आहे. तरी शोधते. पेटी दिसली नाही की मला बरं वाटतं.

मी गाणारी बाई. म्हणजे होते. कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात मी लग्नाआधीपासून गात होते आणि लग्नानंतरही गात राहिले, कारण आमचे हे मुळात माझं गाणं ऐकूनच बघायला आले होते. उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. उसाचे फड रिकामे झालेले, कारखान्यांची धुराडी थंड पडलेली, लोकांच्या हातात वेळ आणि गावोगाव देवाची जत्रा. सकाळी पालखी, दुपारी मटणाच्या पंगती, मग कुस्त्या आणि त्यानंतर आम्ही. मला त्या दिवसांची आठवण नाकातून येते. तापलेल्या ताडपत्रीचा वास, जनरेटरच्या डिझेलचा वास, अबोलीच्या गजऱ्याला वासच नसतो म्हणून त्यात मुद्दाम घातलेल्या मरव्याचा वास. आणि गुळाचा.

गुळाचा अशासाठी, की आमची तालीम एका गुळाच्या गोदामात व्हायची. ऑर्केस्ट्राचे मालक बापू हे मूळचे अडतवाले, अ‍ॅकॉर्डियनच्या नादाने धंद्यातून उठलेले. गुळाचा हंगाम संपला की त्यांनी भाड्याने दिलेलं गोदाम मोकळं व्हायचं, पण भिंती आणि फरशी गुळाने भरलेल्याच. चप्पल काढून गावं तर पाय चिकटायचे. भर दुपारी पत्र्याखाली घामाघूम होऊन आम्ही गाणी बसवायचो, आणि माईकच्या जाळीवर माश्या येऊन बसायच्या.

दस्तगीर याच गोदामात पहिल्यांदा आला.

उचगावात तो मोटारी भरायचं काम करायचा. शेतकऱ्यांच्या जळलेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. बोटं कायम काळी. त्या काळ्या बोटांनी त्याने पेटीचे खटके उघडले आणि आतून ती गिटार काढली. जपानी होती. बेळगावच्या कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याने ती बोटीवरच्या कुणाकडून तरी घेतली होती आणि हात थरथरायला लागल्यावर दस्तगीरला दिली होती. मधे गुळासारखी पिवळी, कडेकडेला काकवीसारखी काळपट होत गेलेली. वॉर्निशला बारीक बारीक तडे. पुढची पांढरी पट्टी पिवळी पडलेली. डोक्यावर, तारा ताणायच्या चाव्यांपाशी, बँडवाल्याने तारेच्या टोकात खोचलेल्या सिगारेटींनी पाडलेला जळका डाग. मी नाक मुरडलं. मला वाटलं, नवं काही घ्यायची ऐपत नाही बिचाऱ्याची.

त्या हंगामात एक विरहाचं गाणं सगळीकडे गाजत होतं. ते मला मिळालं होतं. दोन कडव्यांच्या मधे मूळ रेकॉर्डवर व्हायोलिनचा मोठा ताफा होता. बापूंनी अ‍ॅकॉर्डियनचा भाता मिटला आणि म्हणाले, "हितं व्हायलिन हाय. आपल्याकडं कुणाच्या बानं व्हायलिन वाजवलंय? दस्तगीर, तू भर की कायतरी."

"काय भरू?"

"ते मला काय म्हाईत? ताईंचं गाणं पडू देऊ नगंस म्हंजे झालं."

दस्तगीरने आपला वाल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आधीच लावून ठेवला होता. तो तापायला वेळ लागायचा, मग आतून तांबूस उजेड दिसायचा. मी कडवं संपवलं. आणि त्याने वाजवलं.

आता इतक्या वर्षांनी त्या वाजवण्याबद्दल खोटं कशाला बोलू? मला त्या क्षणी जे वाटलं ते कौतुक होतं, आणि ते कौतुक संपायच्या आत मी जळायलाही लागले होते. तोवर मी गिटार ऐकली होती ती खळखळ वाजणारी, तालाला भर घालणारी. याची गिटार गात होती. तो उजव्या हाताच्या करंगळीने आवाजाचं बटण मिटवून ठेवायचा, तार छेडायचा आणि मग हळूहळू बटण उघडायचा. त्यामुळे सूर कुठे सुरू झाला ते कळायचंच नाही. आपण बघेपर्यंत तो आलेला असायचा. मग डाव्या हाताच्या बोटाने तार वर ओढायची. सूर जिथे पोचायचा तिथे लगेच पोचवायचा नाही. जरा खाली रेंगाळायचं, लोकांना वाटू द्यायचं की हा काही आता पोचत नाही, आणि मग पोचवायचा. वर गेल्यावर त्या जुन्या वाल्व्हमुळे आवाजाला किंचित खरखर यायची, रडून झालेला माणूस बोलतो तशी. तो खरखरीत सूर तो सोडून द्यायचा, विझू द्यायचा, आणि घाई म्हणून करायचा नाही. गोदामाच्या दाराशी चहा घेऊन आलेला माणूस थाळी धरून तसाच उभा राहिला. माझ्या गाण्याला तो कधी थांबला नव्हता.

बापू म्हणाले, "हां. आता ताई, दुसरं कडवं."

माझं दुसरं कडवं चुकलं.

तुम्ही आमच्याकडच्या जत्रेतला वन्स मोअर पाहिला आहे का? शहरात लोक टाळ्या वाजवून सभ्यपणे गाणं पुन्हा मागतात. आमच्या गावांत जे आवडलं तेवढंच मागतात. ढोलकीचा तुकडा आवडला तर तेवढाच, निवेदकाचा विनोद आवडला तर तेवढाच. गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका गावात मी ते गाणं गायले, त्या जत्रेत पहिल्यांदा ती आरोळी उठली. समोर लाल मातीत माणसंच माणसं, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मंडपाच्या खांबांवर चढलेली पोरं. गाणं संपल्यावर मी पदर सावरून नमस्कार करत होते. कुणीतरी ओरडलं, "वन्स मोऽऽर!" मी हसून माईककडे वळले. तेवढ्यात मागून दुसरा ओरडला,

"बाई नगं! फकस्त पीस!"

आणि सगळं मैदान म्हणायला लागलं. फकस्त पीस, फकस्त पीस. बापूंनी मान डोलावली, ढोलकीने ठेका धरला, दस्तगीरने करंगळी बटणावर ठेवली. मी माईकपुढे हात जोडून उभी. जाताही येईना आणि गाताही येईना. नवी इरकल नेसले होते. त्याने पुन्हा तो पीस, दोन कडव्यांमधला तेवढाच गिटारीचा तुकडा, वाजवला, पहिल्यापेक्षाही सावकाश, आणि मी तोंड मिटून हसरा चेहरा करून ऐकत राहिले. पुढे तो रिवाजच पडला. त्या हंगामात, पुढच्या हंगामात, त्याच्या पुढच्या. हुपरीला म्हणू नका, कागल-मुरगूडला म्हणू नका. मी गायचे, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मग मला उभी ठेवून त्याचा पीस मागून घ्यायचे.

घरी येऊन मी भांडी आपटायचे. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "माणसावर जळणाऱ्या बायका बघितल्या. लाकडावर जळणारी तू पहिलीच."

लाकडावर कशी जळेन? पण खरंच सांगते, त्या लाकडावरही जळले. तालमीत सगळे चहाला बाहेर गेले की मी त्या गिटारीजवळ जाऊन उभी राहायचे. एकदा तारेला हात लावला, तर किरटा, कोरडा आवाज आला. हिचाच का तो आवाज, असं वाटलं, आणि जास्तच चडफडाट झाला.

मग हे सगळं सोसता यावं म्हणून मी एक गोष्ट शोधून काढली. दस्तगीर पीस वाजवताना लोकांकडे तोंड करायचा नाही. वळायचा, माझ्याकडे. दर वेळी. आधी थोडासा हलायचा, डावीकडे, उजवीकडे, जागा शोधल्यासारखा, आणि मग नेमका माझ्याकडे तोंड करून स्थिर व्हायचा, की सुरू. भलतं काही मनात आणू नका. तो घरंदाज माणूस, मीही. पण मी ठरवून टाकलं की तो माझ्या गळ्याकडे बघतोय. मी ओळ कशी सोडली, कुठे हलवली, कुठे ओढली, ते बघून तो तारेवर घेतोय. म्हणजे लोक शिट्ट्या वाजवतात त्या शेवटी माझ्याच गळ्याला. तो फक्त पुढे पोचवणारा. हा विचार मी वर्षानुवर्षं सुपारीसारखा गालात धरून ठेवला. कुणाला सांगितला नाही, ह्यांनाही नाही.

ऑर्केस्ट्रा पुढे बंद पडला. डीजे आले, बापू गेले. मी शाळेच्या स्नेहसंमेलनांना परीक्षक म्हणून जाऊ लागले. दस्तगीर मोटारी भरत राहिला आणि कुणी बोलावलं तर वाजवत राहिला. मला वाटलं होतं, दोघं सारखेच विस्मृतीत जाऊ. तेवढं समाधान मला पुरलं असतं.

तसं झालं नाही. गेल्या वर्षी फाल्गुनात दस्तगीरचा फोन आला. "ताई, पुण्यासनं एक पोरगी आलीया गिटार बघायला. तुमचं बी इच्यारत्या. या की जरा."

मी गेले. तिशीची मुलगी होती, मृण्मयी नावाची, स्वतः बँडमध्ये वाजवणारी. तिने मला वाकून नमस्कार केला, तो बरा केला. पण मग ती त्या गिटारीसमोर बसली आणि तिचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला. ओढणीला हात पुसून तिने ती उचलली. तड्यांवरून बोट फिरवलं. पिवळी पडलेली पट्टी बघून म्हणाली, "बापरे, हे सगळं ओरिजिनल?" जळका डाग बघून तर तिने फोटोच काढले. मला समजावून सांगू लागली की जुनं लाकूड आतून वाळत जातं, हलकं होतं, त्याचा आवाज मोकळा होतो. आतले चुंबक जरासे मवाळ होतात, त्याने सुरांना गोडी येते. "विंटेज आहे, काकू. जितकी जुनी तितकी भारी."

मी चहात खारी बुडवत ऐकत होते. माझंही लाकूड वाळलंय. वरचा षड्ज लागून किती दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, वयाने होतं, बोलणं कमी करा. माझ्यावर पडलेल्या तड्यांवरून कुणी बोट फिरवून बापरे म्हणालं नाही. गिटार जुनी झाली की विंटेज होते. बाई जुनी झाली की लोक म्हणतात, ह्या पूर्वी गायच्या. दस्तगीरची बायको माझ्याकडे बघत होती, तिला काय कळलं कोण जाणे, तिने आणखी एक खारी माझ्या बशीत ठेवली.

मृण्मयीने फोन उभा करून चित्रण सुरू केलं. दस्तगीरने तोच पीस वाजवला. हातावरच्या शिरा वर आल्यात त्याच्या, बोटं जरा वाकडी झालीत, आणि वाजवणं पूर्वीपेक्षा चांगलं झालंय. तेही नेमकं माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं का? पूर्वी तो पीसमध्ये बरेच सूर घ्यायचा, आता निम्मे घेतो आणि उरलेले आपल्यालाच ऐकू येतात.

वाजवून झाल्यावर तिने विचारलं, "काका, जुन्या फोटोंमध्ये तुम्ही सगळीकडे काकूंकडे वळलेले दिसता. त्यांच्या गाण्यावरून वाजवायचात ना? म्हणून गिटार इतकी गाते?"

मी पदर नीट केला. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं, आणि तेही चित्रण चालू असताना.

दस्तगीर मनापासून हसला. "न्हाय वो! ही जुनी गिटार, हिला घूं असतंय. लाइटचा बोर्ड जवळ आला की नुसती घूं घूं करत्या. मग फिरून बघायचं, कुठल्या अंगाला त्वांड केलं की गप बसत्या. बापूंचा बोर्ड कायम डाव्या हाताला. ताईंच्या अंगाला फिरलं की घूं बंद. तिथं ताईंच्या जागी पंखा ठेवला असता तरी म्या तिकडंच फिरलो असतो."

मृण्मयी हसली. त्याची बायको हसली. मीसुद्धा हसले, मला ते चांगलं जमतं. रिक्षाने घरी येताना मात्र डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. रिक्षावाला म्हणाला, "धूळ लई हाय न्हवं?" मी व्हय म्हणाले. दस्तगीरने मला काही वाईट म्हटलं असतं तर मी भांडले असते. तो माझ्याकडे बघतच नव्हता, याला काय करायचं? गालात धरलेलं एवढंसं होतं, तेही गेलं. मग उरला तो निव्वळ मत्सर.

चैत्रात त्या गगनबावड्याच्या वाटेवरच्या गावाचं बोलावणं आलं. जत्रेत जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, जुनी माणसं पाहिजेत. ते विरहाचं गाणं तर पाहिजेच. मी दस्तगीरला फोन केला.

"गाईन. पण माझी एक अट आहे. पीस वाजवायचा नाही."

तो म्हणाला, "मग तिथं काय वाजवू?"

"काही नाही. ठेका चालू राहील. तुम्ही उभे राहा. मी राहायचे तसे."

"बरं की," तो म्हणाला. "तुमचं गाणं हाय, ताई. तुमची मर्जी." त्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागतात, म्हणून कार्यक्रम दिवेलागणीलाच सुरू झाला. मैदान तेच, लाल माती तीच. खांबांवर चढणारी पोरं आता खुर्च्यांवर बसली होती, गुडघे चोळत. मी दोन पट्ट्या खाली गायले. पहिलं कडवं बरं झालं. वाईट झालं नाही, एवढं मला कळतं. कडव्याच्या शेवटी मी श्वास घेतला, ढोलकी चालू राहिली आणि ती मोकळी जागा आली. दस्तगीरने गिटारीवरून दोन्ही हात काढले आणि खाली सोडले. मला वाटलं, एकदाची ही जागा माझी.

तेवढ्यात बायकांच्या अंगाने कुणीतरी गुणगुणायला लागलं.

आधी एक आवाज, मग चार, मग पुरुषांकडून. शब्द नव्हतेच, नुसतं आ, कुणी ऊं, कुणी दात मिटून टॅंव टॅंव. बेसूर, पुढे-मागे, पण तो पीस होता, सगळा. जिथे तो सूर खाली रेंगाळवायचा तिथे लोक रेंगाळत होते. जिथे विझू द्यायचा तिथे विझवत होते. व्हायोलिनच्या रेकॉर्डवरचा नव्हे, गुळाच्या गोदामात त्याने भरलेला. एक म्हातारी डोळे मिटून मान हलवत होती. माझी ओळ यांच्यापैकी कुणी अशी जपून ठेवली होती? मी कडवं गाताना त्यांचे ओठ हलले नव्हते.

माझा जीव नुसता जळला. गिटार गप्प केली तरी हे लोक तिलाच गात होते. आणि त्या भरात मी माईक ओढला आणि तो पीस गायला लागले. रागानेच म्हणा ना. सुरुवात कळू न देता सूर आणायचा, ते मला लगेच जमलं नाही, दुसऱ्या सुराला जमलं. मग खाली रेंगाळले. गाता गाता मी त्यात स्वतःला शोधत होते. एखादी माझी हरकत, माझी एखादी लकब कुठेतरी अडकली असेल. नव्हती. सगळं त्याचंच होतं, आणि किती सुंदर होतं ते मला गळ्यातून जाताना कळलं. वरच्या सुरावर माझा आवाज फाटला. खरखर आली. मी तो सूर तसाच धरला आणि विझू दिला.

मग खुर्च्यांमधून एकजण उठून ओरडला, "वन्स मोऽऽर!"

"फकस्त पीस!" दुसरा ओरडला.

दस्तगीरचा हात नकळत तारांकडे गेला. तेवढ्यात ती म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, "पावणं, तुमी ऱ्हाऊ द्या. बाई म्हनतील!"

हात तिथेच थांबला. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता, लोकांसाठी हसतात तसा. ओठ मिटलेले, मान किंचित कलती, डोळे समोर कुठेतरी. इतकी वर्षं मी कार्यक्रमाहून आल्यावर तोंडावरची पावडर पुसताना आरशात हाच चेहरा पाहत आले होते, त्यामुळे मला तो ओळखायला वेळ लागला नाही.

"मी धरू का संगं?" त्याने हळूच विचारलं. "नुसतं खालनं?"

"नको," मी म्हणाले.

ढोलकीने ठेका धरला. मी पदर खोचला, माईक जवळ घेतला आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले. मग तो पीस पुन्हा गायले, पहिल्यापेक्षाही सावकाश.